तुम्ही विचारलंत म्हणून: एक आकडा नक्की का सांगत नाही

शिमग्याला आले की विचारता, गणपतीत विचारता, आता लग्नाच्या मांडवातही विचारता. "एवढी शिकलीस, दिवसभर कम्प्युटरवर अणूचेच हिशेब करतेस, मग त्या हिशेबात चूक किती, एक आकडा नक्की सांग की! दर वेळी अधिकउणे काय?" विचारण्यात राग नसतो, पण मी सांगायचं टाळते असा समज असतो. तो मला लागतो. म्हणून एकदाचं लिहून काढते.

जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? माडबनच्या सड्यावर १६५० मेगावॅटच्या ६ अणुभट्ट्या ठरल्या, २०११ साली विरोधात काय काय झालं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. माझं काम त्या भट्ट्यांचं नाही, हेही शंभरदा सांगून झालं. न्यूट्रॉन अणुकेंद्रावर आदळला तर अमुक अभिक्रिया होण्याची शक्यता किती, एवढंच मी पाहते. त्याला क्रॉस-सेक्शन म्हणतात. टॅलिससारखा प्रोग्रॅम ते सिद्धांतावरून काढतो, पण त्यात भरायचे आकडे कुणालाच नेमके ठाऊक नसतात. मग ते थोडेथोडे हलवून तोच हिशेब शेकडो वेळा चालवायचा, जगभरच्या प्रयोगांची मोजमापं एक्सफॉर या संग्रहातून घेऊन ताडून पाहायची आणि उत्तरं किती पसरतात ते बघायचं. कोनिंग आणि रोशमन यांनी २००८ मध्ये हा पसारा थेट भट्टीच्या हिशेबापर्यंत नेला. त्याला टोटल मॉन्टे कार्लो म्हणतात. तुम्ही ज्याला अधिकउणे म्हणता, ते मोजणं हाच माझा व्यवसाय.

आणि एकदा मी नक्की आकडा सांगितला होता. आबाकाकांना.

त्या वर्षी माझ्याकडे एका अभिक्रियेची १२ मोजमापं होती. प्रत्येकाची स्वतःची अनिश्चितता ८ टक्के. पण न्यूट्रॉनचा मारा मोजायला बाराही जणांनी एकच प्रमाण, म्हणजे ताडून पाहायचा एकच ठरलेला आकडा, वापरलेला, आणि त्या प्रमाणातच १२ टक्के अनिश्चितता. ते चुकलं असेल तर बाराही एकाच बाजूला चुकणार. हे सगळं कोव्हेरियन्स मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कोणाची चूक कोणाच्या चुकीबरोबर किती हलते त्या तक्त्यात, भरून मी फिट चालवला, म्हणजे ठिपक्यांना जुळणारी रेघ काढली, तर रेघ सगळ्या ठिपक्यांच्या खालून गेली. एकालाही शिवली नाही. मी रात्री दोनपर्यंत कोडमधली चूक शोधत बसले. कोडमध्ये चूक नव्हतीच.

हे कोडं जुनं आहे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या पील यांनी १९८७ मध्ये मांडलेलं. एक मोजमाप १.५, दुसरं १.०; प्रत्येकाची स्वतःची अनिश्चितता १० टक्के आणि दोघांची सामाईक २० टक्के. लघुतम वर्गांच्या रीतीने सरासरी काढली तर येते ०.८८, म्हणजे दोन्हींपेक्षा कमी! सामाईक टक्केवारी मोजलेल्या आकड्यावर लावली की लहान आकड्याची चूकही लहान दिसते, आणि हिशेब त्याच्याकडे झुकत झुकत पार पलीकडे जातो. तीच टक्केवारी अंदाजलेल्या किमतीवर लावली की उत्तर १.१५ येतं, अधिकउणे ०.२५.

मला तेव्हा हे माहीत नव्हतं. सोमवारी प्लॉट, म्हणजे आलेख, दाखवायचा होता, एवढं माहीत होतं. मॅट्रिक्सच्या कर्णाबाहेरचे सगळे आकडे मी शून्य केले, म्हणजे बारांचा आपसात काही संबंध नाही असं मानलं. रेघ मधोमध आली. अनिश्चितता ४ टक्के. प्लॉट सुंदर दिसला, कुणी काही विचारलं नाही.

मग शिमगा आला. पालखी घरी येऊन गेली होती, आबाकाका ओटीवर सुपारी कातरत बसले होते. "बाय, तुमच्या त्या हिशेबात चूक किती धरायची?" मी म्हटलं, "चार टक्के. फार तर पाच." कोणत्या अभिक्रियेत, ते बोलले नाही. समजावून समजावून थकले होते, आणि नक्की आकडा सांगताना बरं वाटत होतं, हेही खरं. पुढच्या ग्रामसभेत ते उभे राहून म्हणाले, आमची मुलगी त्यातलीच आहे, चार टक्क्यांवर चूक नाही म्हणते. एका अभिक्रियेचा आकडा अख्ख्या प्रकल्पाचा झाला. आईने फोनवर सांगितलं. मी तेव्हाच काकांना फोन करायला हवा होता. केला नाही.

पावसाळ्यात एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "सगळे एकाच प्रमाणावर आहेत ना? मग अनिश्चितता प्रमाणाच्याही खाली कशी गेली?" पुन्हा हिशेब केला. १२ टक्क्यांच्या थोडं वर.

गणपतीत काकांकडे गेले. काजू बीचं उदाहरण दिलं: व्यापाऱ्याचा काटाच खोटा असेल तर बारा पोती घाला, सरासरी काढा, खोट तेवढीच राहते. त्यांना पुढचं सांगावंच लागलं नाही. अडकित्ता थांबला. "म्हणजे काटा एकच होता. हे तुला शिमग्यात ठाऊक होतं?"

"हो. शून्य मीच भरले होते."

ते ओरडले नाहीत. कातरलेली सुपारी चंचीत भरली आणि म्हणाले, "तुझ्या शब्दावर मी बोललो. आता तो कुठे कुठे जाऊन परत घेऊ?" आणि आरतीला आत गेले.

तेव्हाची मी अजून भांडते. म्हणते, मधला आकडा तर बरोबरच होता ना? होता. पीलच्या उदाहरणातही कर्णाबाहेरचे आकडे असेच शून्य केले तरी १.१५ च येतं, फक्त ०.२५ च्या जागी ०.१९. मग एवढं काय बिघडलं? काकांनी मधला आकडा विचारलाच नव्हता, चूक किती ते विचारलं होतं. यावर ती म्हणते, बारा टक्के सांगितले असते तर लोक घाबरले असते, आणि तेही एका अभिक्रियेपायी. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. गप्प बसले असते तर 'लपवते' म्हणाला असतात, त्याचंही नाही.

आता सामाईक भाग मी सोडत नाही, टक्केवारी अंदाजलेल्या किमतीवर लावते. पण जुन्या प्रयोगांत कितीदा प्रमाण कोणतं वापरलं तेच लिहिलेलं नसतं. अशा दोन मोजमापांचा संबंध (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.५ धरायचा की ०.८, हे कुठलाही प्रोग्रॅम सांगत नाही. तो आकडा मी माझ्या समजुतीने टाइप करते, आणि पुढचं अधिकउणे त्यावर ठरतं. मला विचारायचंच असेल तर तो कुठून आणला ते विचारा.