फुकटच्या ॲनाकोंडापायी साइडवाइंडर घेऊन हटनला गेलो, तुम्ही जाऊ नका

एलीट डेंजरस या अंतराळयानांच्या गेममध्ये पहिलं जहाज कुठलं घ्यावं, हे विचारणाऱ्यांसाठी लिहितोय. जॉयस्टिक आहे, डॉकिंग जमतंय, तासभर एका जागी बसायची ताकद आहे, हे धरून चाललोय.

राजारामपुरीतला आमचा एक दोस्त म्हणाला, "भावा, अल्फा सेंटॉरीतल्या हटन ऑर्बिटल स्टेशनला जा, तिथं नव्या पायलटला ॲनाकोंडा फुकट मिळतंय." ॲनाकोंडा म्हणजे 14 कोटी 69 लाख क्रेडिटचं (गेममधले पैसे) धूड जहाज, आणि माझ्या खात्यात पन्नास हजार पण नव्हते. ही जुनी थट्टा आहे हे मला कोण सांगणार? गेममधनं सुरुवातीला मिळालेली छोटी साइडवाइंडर काढली आणि निघालो. टाकी 2 टनांची, फ्यूल स्कूप (ताऱ्याजवळनं इंधन ओढून घेणारं यंत्र) नाही, वाटेत भरायचं डोक्यातच आलं नाही.

अल्फा सेंटॉरीपर्यंत निवांत होतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काय नाही. तिथं एका ताऱ्यावरनं दुसऱ्यावर जायच्या उडीतनं बाहेर पडलो आणि स्टेशनचं अंतर बघितलं, 0.22 लाइट इयर! एरवी हजार-दोन हजार लाइट सेकंदाला माणूस कंटाळतो, हे 67 लाखांच्या वर. सुपरक्रूझचा, म्हणजे एका ताऱ्याच्या परिसरात फिरायच्या मोडचा, वेग चढत चढत प्रकाशाच्या दोन हजार पटीवर जातो आणि तिथंच अडकतो, मग दीड तासाच्या आसपास नुसतं बसायचं. तेवढ्यात निपाणीला जाऊन आलो असतो राव. आई दोनदा जेवायला हाक मारून गेली, तिसऱ्यांदा ताट टेबलावर आणून ठेवलं, मी एक डोळा फ्यूलच्या पट्टीवर ठेवून आमटी-भात खाल्ला. सुपरक्रूझमध्ये जितकी मॉड्यूल्स चालू तितकं इंधन जास्त जातं, म्हणजे बंदुका आणि बाकीचं नको ते बंद करायला पाहिजे होतं, पण मी सगळं चालू ठेवून ऐटीत निघालेलो.

आठ मिनिटं राहिली आणि इंधन संपलं. जहाज धाडकन सुपरक्रूझमधनं बाहेर पडलं, दिवे गेले, काचेवर बर्फ धरायला लागला आणि ऑक्सिजनचं घड्याळ सुरू, 5 मिनिटं. माझ्या स्वतःच्या हाताला घाम फुटला, शप्पथ. अशा वेळी एकच करायचं, ताबडतोब मेन मेनूला बाहेर यायचं (तिथं घड्याळ थांबतं) आणि फ्यूल रॅट्सना बोलवायचं. हे खेळाडूच आहेत, अडकलेल्यांना इंधन देतात, एक क्रेडिट घेत नाहीत. ते सांगतील तेव्हाच परत आत जायचं. आलेल्या बाबाकडं 2024 मध्ये आलेला एससीओ ड्राइव्ह (सुपरक्रूझमध्ये कितीतरी जास्त वेग देणारा) होता म्हणून बरं, नाहीतर त्यालाही माझ्यासारखंच दीड तास बसावं लागलं असतं. लिंपेटनं, म्हणजे छोट्या ड्रोननं, एकेक टन इंधन दिलं, मला हसला नाही, हेच लय झालं.

पोचल्यावर कळलं की हटनला मोठं जहाज उतरवायचं पॅडच नाही. ॲनाकोंडा तिथं उतरतच नाही! ज्या गोठ्याच्या दारातनं हत्ती आत जात नाही, तिथं हत्ती फुकट वाटतायत म्हणे. मिळतो तो हटन मग. कप, चहाचा.

तर जहाज बघताना बंदुका नंतर, टाकी आणि स्कूप आधी. ईगल घेऊ नका, दिसायला नाद खुळा पण 4 टनांची टाकी आणि सामानाला जागा नाही. हॉलर पण 4 टनच, पण 53 हजारांच्या आत मिळतंय आणि लांब उडी मारतंय, सुरुवातीच्या कुरिअर मिशनांना तेच घ्या, स्कूप लावून. ॲडर ठीक. साडेतीन लाखांच्या आसपास जमले की डोळे झाकून कोब्रा मार्क थ्री, टाकी 16 टनांची आणि लहान पॅडवर पण बसते. मात्र रीबायचे (जहाज फुटलं तर ते परत मिळवायला लागणारे) 5 टक्के खात्यात ठेवूनच स्टेशन सोडायचं. खरे पैसे मोजून तयार जहाज घेणाऱ्याला मी खुळा म्हणणार, चिडलात तरी चालेल, कोब्रापुरते क्रेडिट चार-पाच संध्याकाळीत होतात.

स्कूप असला तरी ताऱ्याचा वर्ग बघून जायचं, ओ, बी, ए, एफ, जी, के, एम एवढ्यांवरच भरतं. आणि शेवटी स्टेशनला पोचायचं घड्याळ 7 सेकंदांवर आलं की थ्रॉटल 75 टक्क्यांवर, नाहीतर स्टेशन मागं पडतं आणि वळसा घालून परत यावं लागतं.

परवा कोब्रा घेऊन परत हटनला गेलो. अर्धी टाकी शिल्लक राहिली, येताना हटन मग भरून आणले. त्यातला एक दोस्ताला देणार होतो, पण फोन उचलत नाही तो.