खुर्चीवर सहा ओळी

दारव्हा तालुक्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा. यंदा 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मी नवीन टूम काढली, शास्त्रज्ञांवर कविता करायच्या. मी तसा मराठीचा माणूस पण सातवीचं विज्ञानही माझ्याच गळ्यात आहे. हरभऱ्याच्या सोंगणीमुळे निम्मे पोट्टे वावरात, जे आले ते आज अभ्यास नाही म्हणून खूश.

नमुना म्हणून आधी माझीच कविता वाचली, चाकाच्या खुर्चीतल्या स्टीफन हॉकिंगवरची, रात्री जागून लिहिलेली त्यामुळे जरा तोऱ्यातच वाचली. दैवाने जखडलेला देह, खुर्चीचा पिंजरा, गालाने बोलणारा माणूस वगैरे. टाळ्या सुरू होत्या तेवढ्यात समोरून एक पोरगी, लहानपणापासून पायाला कॅलिपर लावते ती, म्हणाली, "सर, खुर्चीवरच सहा ओळी झाल्या जी. त्यायनं शोधलं काय, ते कुठं हाय?"

मी मोजल्या. सहाच होत्या राव. शोधावर अर्धी.

मग वही मिटली अन् खडू घेतला. 1963 ला एकविसाव्या वर्षी मोटर न्यूरॉनचा आजार निघाला, म्हणजे अंगावरचा ताबा हळूहळू सुटत जातो तो, डॉक्टरांनी दोनेक वर्षं सांगितली, अन् माणूस गेला 2018 ला, हिशोब पोरांनीच केला, पंचावन्न. 1985 मध्ये न्यूमोनियात गळ्याला छिद्र पाडावं लागलं तेव्हा वाचा गेली, मग कॉम्प्युटर बोलायचा, अन् पुढे हातही थांबला तेव्हा चष्म्यावरचा सेन्सर गालाची हालचाल टिपायचा, स्क्रीनवर अक्षरांवरून खूण सरकायची, हवं ते अक्षर आलं की गाल हलवायचा. शेवटी शेवटी तर मिनिटाला एखादा शब्द.

शोध सांगताना मात्र माझी गाडी अडखळली. कृष्णविवरातून काहीच बाहेर येत नाही असं सगळे धरून चालले होते, यांनी 1974 ला गणिताने दाखवलं की थोडी ऊब निसटत राहते अन् फार फार काळाने ते विवर विरून जातं. मी चुलीतल्या राखेचं उदाहरण दिलं, फसलं.

तर तीच पोरगी परत, "लिवता येत नाई तं गणित कसं केलं जी?"

म्हटलं डोक्यात, आकृत्या करून. कागदावरची लांबलचक समीकरणं हाताने जमेनात तेव्हा ते सगळं आकारांमध्ये बघायला शिकले. यावर ती गप्प झाली. माझी राख विसरून तिनं आपलं आपलंच काहीतरी जुळवलं असावं, कारण मधल्या सुट्टीनंतर हा कागद आला:

अंधाराची विहीर, उजेडही गिळते,
तिच्या काठावरून वाफ निंगते थोडी.
ते त्यायले बसल्या बसल्या दिसलं,
तुमी गावभर धावता, तुमाले नाई दिसलं.

तिसऱ्या ओळीला मी खुर्चीतून उठलोच, का ते मलाही नाही कळलं.

जाताना म्हणे, "तुमचं गालाचं ठेवा सर, ते मशीनचं हाय. पिंजरा तेवढा काढा."

काढला. आता खालच्या ओळीतल्या निखाऱ्याचं यमक बोंबललं आहे.