सर्जा घरातच राहणार

चैत्र, पाडव्यानंतरचा रविवार

घरातले सगळे आमच्या कुत्र्याच्या, सर्जाच्या, अंगाकडे बघताहेत आणि मी भिंतींकडे. आमचं बेळगावच्या शहापुरातलं घर जुनं. जाड मातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर खानापूरची कौलं. भर उन्हाळ्यातही मधल्या खोलीत पंख्याशिवाय झोप लागते. या घराचं मला कौतुक आहे, पण फटींना इथे अंत नाही. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट, तुळई भिंतीत शिरते तिथलं भोक, कोनाड्याच्या कडा, फरशीचे सांधे. गोचिड्या निघताहेत त्या या सगळ्यांतून. आज सासऱ्यांच्या फोटोमागे बघितलं तर भिंतीला घोळकाच चिकटून बसलेला.

आत्तींनी जपमाळ खाली ठेवली. "काय शोधूलालीस गं भिंतीवर?" दाखवलं तसा त्यांचा चेहरा उतरला. काल त्यांच्या दंडावरही एक निघाली होती.

सर्जा अर्धा मुधोळ आहे. आई त्या जातीची, बापाचं ठाऊक नाही. केस आखूड, त्यामुळे त्याच्या अंगावरची गोचीड लपत नाही. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, गळपट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी. रक्त पिऊन फुगलेली मादी एरंडाच्या बीसारखी दिसते. नर चपटा, तपकिरी, आणि बऱ्याचदा तिच्याच पोटाखाली सापडतो.

संध्याकाळी येळ्ळूरहून भावजी आले. म्हणाले, "वैनी, कुत्र्याला शेताकडं सोडा की. घर साफ झालं की परत आणूया." हे गप्प राहिले, म्हणजे त्यांनाही ते पटलेलं. धाकटी ताटावरून उठून गेली.

मी नाही म्हटलं. पाठवल्याने घर साफ होईल हे आधी मला कुणीतरी समजावून द्यावं.

मंगळवार

सर्जाला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर कानडी-मराठी मिसळून बोलतात, पण सावकाश सांगतात. त्यांनी गोचिड्यांआधी हिरड्या पाहिल्या. फिकट होत्या. रक्त काढलं, प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, उतरलेल्या निघाल्या. एर्लिकिया नावाचा जिवाणू गोचिडीच्या चाव्यातून कुत्र्याच्या रक्तात जातो आणि पांढऱ्या पेशींत वस्ती करतो. ताप येतो, खाणं सुटतं, कधी नाकातून रक्त येतं. दुसरा आजार बॅबेसियाचा. त्यात तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी गडद होते. सर्जाच्या रक्तात तो सापडला नाही. त्याला डॉक्सिसायक्लिनचा चार आठवड्यांचा कोर्स दिलाय. बरं वाटायला लागलं तरी मधेच थांबायचं नाही, गोळी खाण्याबरोबर द्यायची आणि वर पाणी पाजायचं.

गोळ्या लिहून झाल्यावर मी घराचं विचारलं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

ही तपकिरी गोचीड इतर बहुतेक गोचिड्यांपेक्षा वेगळी. तिला रान लागत नाही, गवत लागत नाही, तिचं अख्खं आयुष्य घरात निघतं. अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिला सहा पाय असतात. कुत्र्यावर चढून रक्त पिते, खाली उतरते, फटीत जाऊन कात टाकते, मग आठ पाय होतात. पुन्हा कुत्रा, पुन्हा फट, पुन्हा कात. मोठी झाल्यावर तिसऱ्यांदा रक्त पिते, आणि मादी असेल तर भिंतीवर चढून एखाद्या भेगेत हजारो अंडी घालते आणि मरते. कुत्र्याच्या अंगावर ती असते ती आयुष्यातले मोजके दिवस. बाकी सगळा काळ भिंतीत. म्हणजे आज सर्जाच्या अंगावर जेवढ्या दिसतात त्याच्या कितीतरी पट घरात बसलेल्या आहेत, आणि उन्हाळ्यात हे चक्र झपाट्याने फिरतं.

"मग कुत्रा शेतावर पाठवला तर उपाशी मरतील का?"

ते म्हणाले, मोठी गोचीड काही न खाता वर्षभरसुद्धा काढू शकते. घरात कुत्रा नसला तर ती माणसाला चावेल. आणि औषध न दिलेला कुत्रा तिकडे गेला तर तिकडच्या भिंतीतही हेच सुरू होईल.

उपाय त्यांनी सांगितला तो भावजींच्या अगदी उलट. सर्जाच्या वजनाप्रमाणे फ्लुरालॅनरची चघळायची गोळी द्यायची. तिचा अंमल साधारण बारा आठवडे राहतो. औषध त्याच्या रक्तात असतं, त्यामुळे जी गोचीड चावेल ती मरते. सर्जा रोजच्यासारखा घरात हिंडला, रोजच्या जागी झोपला, की फटीतल्या भुकेल्या गोचिड्या त्याच्याकडेच येणार आणि तिथेच संपणार. घरातून त्यांना बाहेर काढू शकेल असा दुसरा कुणी नाही. त्याला कधी फेफरं आलं होतं का, हे त्यांनी गोळीआधी खोदून विचारलं, कारण अशा कुत्र्यांना हे औषध जपून द्यावं लागतं. आलेलं नाही.

घरी येताना मन जड होतं. आजारी जिवाला आमिष म्हणून ठेवायचं का? गोळी असली तरी मरण्याआधी गोचीड चावतेच. पण आज तो चावा बिनऔषधाचा घेतो आहे, आणि शेतावरही घेतलाच असता. त्याला जपायचं तर भिंतींतली संख्या लवकरात लवकर खाली आणायची. ते काम आमचं.

रात्री उकडलेल्या अंड्यात गोळी दिली. त्याने ताटली चाटून स्वच्छ केली.

गुरुवार

गल्लीत बातमी गेली आणि दिवसभर उपाय येत राहिले. आत्तींचं माहेर निपाणीकडचं. तिकडे तंबाखूचं पाणी उकळून बैलांच्या अंगाला लावत, गोचिड्या गळून पडत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या काळी दुसरं मिळतच नव्हतं आणि तंबाखू दारात होती. पण कुत्रा अंग चाटतो, मांजर तर दिवसभर चाटते, आणि तंबाखूतलं निकोटिन पोटात गेलं तर जीव जातो. आत्तींना तसं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "बैल चाटायचे की गं. आम्ही कधी बघितलंच नाही त्यांना काय होतंय ते." कापूर-तेलाचंही तसंच, कापूर पोटात जाणं दोघांनाही वाईट.

रॉकेल आणि उदबत्तीचा चटका हे उपाय मी ऐकूनही घेत नाही. गोचिडीला त्रास दिला तर ती सुटण्याआधी जखमेत लाळ सोडण्याची भीती असते, आणि आजार त्या लाळेतूनच येतात. चिमट्याने कातडीलगत, तोंडापाशी पकडायची आणि न पिळता सरळ वर ओढायची. मग स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. नखाने चिरडायची नाही, अंगणात फेकायची नाही. जागा साबणाने धुवायची, आपले हातही. आत्तींच्या दंडाची जागा मी रोज बघते. कुत्र्याच्या गोचिडीतून माणसालाही ताप येऊ शकतो, अंगावर पुरळ उठतं, म्हणून ताप आला तर डॉक्टरांना चाव्याबद्दल आधी सांगायचं असं ठरवलंय.

समोरच्या गोठ्यावर उगाच आळ आलाय. गाईंच्या अंगावर सहसा दिसते ती गोचीड वेगळी. ती पिल्लू असल्यापासून अंडी घालायला उतरेपर्यंत एकाच जनावरावर राहते, भिंतीत येऊन-जाऊन राहत नाही. काकूंना हे जाऊन सांगितलं. त्या फार बोलल्या नाहीत, पण निघताना हातात ताकाचा तांब्या दिला.

आता आमची मांजर, ठकी. औषधांच्या दुकानात "कुत्र्या-मांजराला सगळ्याला चालतं" म्हणून एक बाटली पुढे केली गेली. लेबल वाचलं तर पर्मेथ्रिन. मांजराचं यकृत हे औषध फोडू शकत नाही. कुत्र्याला लावलेला थेंब तिने चाटला तरी थरथर, झटके, आणि वेळेत उपचार नाही मिळाले तर मरण. गोचिडीचं दुसरं औषध अमिट्राझ, तेही मांजराला नको. हे मी इथे ठळक लिहून ठेवतेय कारण घरात दोन्ही प्राणी असणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि दुकानात सांगणारा दर वेळी वाचून सांगेल असं नाही. ठकीसाठी डॉक्टरांनी फिप्रोनिलचे मांजरांचे थेंब दिले, मानेच्या मागे, जिथे तिची जीभ पोचत नाही तिथे.

शिवजयंतीच्या आदल्या दिवशी

फवारणी झाली. आदली रात्र आवराआवरीत गेली. अंथरुणं, चादरी, सर्जाची गोधडी बंबातल्या कढत पाण्यात बुडवली. थंड पाण्यात गोचीड सहज जिवंत राहते. त्याचं जुनं पोतं जाळलं. भांडी, पाण्याचे हंडे, देव सगळं माडीवर नेऊन झाकलं. ठकीला पिंजऱ्यात घालून आत्तींबरोबर नणंदेकडे अनगोळला पाठवलं, सर्जा आणि मी परड्यात.

फवारणीवाला मुलगा चांगला होता, पण तो फरशीवर पंप मारून निघालाच होता. त्याला थांबवून चौकटींच्या वरच्या कडा दाखवल्या, तुळयांची टोकं, फोटोंमागच्या खुणा. ही गोचीड वर चढते. जमीन भिजवून अंडी घालायच्या जागा कोरड्या ठेवल्या तर काय उपयोग? मग त्याने शिडी लावली आणि मनापासून काम केलं. औषध डेल्टामेथ्रिनचं, तेही पर्मेथ्रिनच्याच कुळातलं. त्यामुळे पूर्ण वाळून, खिडक्या उघड्या टाकून वास जाईपर्यंत ठकीला आणायचं नाही. अंड्यांवर फवारणीचा भरवसा नाही, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा.

बाहेर चित्ररथांची तयारी चाललीय, ढोल घुमतायत. सर्जा पलंगाखाली जाऊन बसलाय. आज त्याने पोळी मागून खाल्ली.

वळवानंतर

मोठ्या गारा पडल्या, माती थंड झाली. गवंडी बोलावून फटी चुन्या-सिमेंटने बुजवल्या, वर चुन्याचा हात दिला. ह्यांनी स्वतः चौकटीच्या कडा भरल्या. मी काही म्हटलं नव्हतं. भावजींनी फोनवर विचारलं, "कुत्रं आहे की घरात?" हे म्हणाले, "आहे. त्याच्याशिवाय काम व्हायचं नाही."

दुसऱ्या फवारणीनंतर भिंतीवर दिसणं जवळजवळ बंद झालं होतं, आणि अचानक परवा सर्जाच्या कानात बारीक, सहा पायांच्या पुष्कळ दिसल्या. धाकटी रडायलाच लागली. भिंगाखाली धरून तिला दाखवलं: ही पिल्लं, फवारणीच्या वेळी जी अंडी होती त्यांतली. ती येणारच होती. आणि चावलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या दिवशी वाळून त्याच्या गोधडीवर पडलेली होती. मेलेली गोचीड सापडणं ही या दिवसांत चांगली बातमी आहे, हे तिला कळल्यावर रोज सकाळी गोधडी झटकायचं काम तिने आपल्याकडे घेतलं.

सर्जाचं रक्त पुन्हा तपासलं. प्लेटलेट्स वर आल्या आहेत. डॉक्टरांनी हिरड्या बोटाने दाबून सोडल्या, रंग लगेच परत आला. मला तिथेच त्याचा मुका घ्यावासा वाटला, आणि घेतला.

मृग

पाऊस लागला. शेजारच्या वैनी घाबरून आल्या. चोर्ला घाटापलीकडे माहेर आहे त्यांचं, तिकडचा माकडताप त्यांनी ऐकलाय. २०१६ साली दोडामार्गकडे त्याचे रुग्ण सापडले, हे आपल्या भागात पुष्कळांना आठवतं. तो आजार पहिल्यांदा १९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. पण तो पसरवणारी गोचीड रानातली, माकडं मेलेल्या जागी जास्त सापडणारी. सर्जाच्या अंगावरची ती नव्हे. त्यांना म्हटलं, तुमचे भाऊ काजूला रानात जातात ना, त्यांनी अंगभर कपडे घालावेत, घरी आल्यावर अंग तपासावं, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवावं. काळजी करायची तर तिथे करूया.

आता खरी अडचण गल्लीतल्या कुत्र्यांची. सर्जाच्या गोळीचा अंमल संपेल तेव्हा पुढची देणारच आहे, तारीख दिनदर्शिकेवर लिहिलीय. पण भुरी आणि तिची तीन मोठी झालेली पिल्लं आमच्या कट्ट्याखालीच झोपतात आणि त्यांच्या कानांत गुच्छ लोंबताहेत. एक पोटुशी मादी आत आली तरी सगळं पहिल्यापासून. आणि आमच्या घराचं सोडा, त्या चौघांना काय कमी त्रास होतोय? भुरीच्या हिरड्याही मी पाहिल्या. फिकट आहेत.

औषध महाग आहे, एका घराला झेपणार नाही. मंडळाच्या पोरांशी बोलले. गणपतीची वर्गणी अजून सुरू व्हायची आहे, तिच्याआधी ही वर्गणी काढूया म्हटलं. एक-दोघांनी मान हलवली, बाकीचे फोनमध्ये. पण समोरच्या गोठ्यातल्या काकूंनी सगळ्यांच्या आधी पैसे आणून दिले, आणि मग पोरं वही घेऊन निघाली. डॉक्टर म्हणाले, अंदाजाने वजन सांगू नका, धरता आलं तर तोलून घ्या. भुरी माझ्या हातचं खाते, तिला उद्या सकाळी तांदळाच्या काट्यावर उभं करणार आहे. पिल्लांना धरायला धाकटी आणि मंडळातली दोन पोरं येतो म्हणालीत.