कॅलेंडरच्या मागचा पिन

आपल्याकडे महत्त्वाचे कागद म्हणजे कपाटाच्या लॉकरमधले, हे ठरलेलंच असतं. घराचं अॅग्रीमेंट, इंडेक्स टू, एलआयसीच्या पॉलिश्या, एफडीच्या पावत्या, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर एक शालू आणि किल्ली अशा ठिकाणी की चोराला काय, घरच्यांनाही वेळेवर सापडू नये. आणि त्याच घरात स्वैपाकघराच्या दारामागे कॅलेंडर लटकत असतं, त्याच्या पानांच्या पाठीमागे गॅस कधी लावला, दूध किती दिवस घेतलं नाही, बाईंचे खाडे, डॉक्टरांचा नंबर आणि कोपऱ्यात पेन्सिलीने नुसतेच चार आकडे. हे काय म्हणून विचारलं की सासूबाई म्हणतात काही नाही ग, असंच. असंच कसलं, पेन्शनच्या खात्याच्या एटीएमचा पिन आहे तो! वर्ष संपलं की हीच पानं फडताळात डब्यांखाली घालायला जातात, उरलेली रद्दीत, पिनसकट.

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय त्यामुळे सध्या माळा खाली आलाय. सासरे सरकारी नोकरीतले, कागद टाकणं हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता. लाइट बिलं वर्षावार लावून नाडीने बांधलेली, बंद झालेल्या खात्यांची चेकबुकं, पासबुकांची चळत, फॉर्म सोळा, कुणाकुणाचे रक्ताचे रिपोर्ट, संपलेले पासपोर्ट, आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स तर इतक्या की त्यावर अख्ख्या चाळीला धान्य मिळालं असतं. लागेल कधीतरी, या दोन शब्दांवर आपल्या लोकांचे माळे उभे आहेत. नवरा म्हणाला रद्दीवाल्याला बोलव आणि एकदम उचलून दे, किलोवर जाईल. मी म्हटलं थांब जरा, आधी बघू तरी दे काय काय आहे.

बघायला बसल्यावर मजा कळत गेली. सासऱ्यांनी जे लपवलं होतं ते सगळं आता निरुपयोगी. पगाराच्या स्लिपा वेगळ्या पाकिटात, पाकिटाला स्टेपलर, कारण किती पगार आहे ते भाऊबंदांना कळायला नको. आता तो आकडा बघून भाऊबंद हसतील फारतर. आणि जे उघड्यावर पडलं होतं ते मात्र आजच्या हिशोबात सोन्यासारखं, म्हणजे जन्मतारीख, आईचं नाव, सहीचे नमुने, पॅन, आधारची झेरॉक्स, एकाच पिशवीत. फसवणाऱ्याला दुसरं काय लागतं? तुमच्या खात्याचे पुढचेमागचे तपशील सांगून "बँकेतून बोलतोय" म्हटलं की समोरचा निम्मा विश्वास तिथेच ठेवतो.

आधारचं तर काय सांगावं. सिमकार्डवाल्याला झेरॉक्स, लॉजवाल्याला झेरॉक्स, भाडेकरू म्हणून सोसायटीला झेरॉक्स, हॉलच्या बुकिंगला झेरॉक्स. मे 2022 मध्ये आधारच्याच बंगळुरूच्या ऑफिसने पत्रक काढलं होतं की झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड आधार वापरा. लोक घाबरले आणि दोनच दिवसांत सरकारने ते मागे घेतलं, गैरसमज होतोय म्हणे, नेहमीची काळजी घेतली की पुरे. आता नेहमीची काळजी म्हणजे काय ते ज्याचं त्याने ठरवायचं. पण मास्क्ड आधार खरंच आहे आणि साइटवरून फुकट डाउनलोड होतं, त्यात 12 पैकी शेवटचे 4 आकडेच दिसतात, जिथे चालतं तिथे तेच द्यावं. आणि झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहायचं, कशासाठी दिली, कुणाला दिली, तारीख, मग सही. काउंटरवरचा माणूस तोंड वाकडं करतो, करू दे.

असो, तर फाडायचं कसं. पूर्वी प्रश्नच नव्हता, न्हाणीघरात बंब होता. माझ्या माहेरी बंबात गोवऱ्या, करवंट्या, आणि नको ते सगळे कागद, सकाळी सहाला सगळ्या गुपितांचं गरम पाणी व्हायचं. आता फ्लॅटमध्ये कुठे जाळणार, शहरात उघड्यावर कचरा जाळला तर 2016 च्या हरित लवादाच्या आदेशाने 5 हजार रुपये दंड आहे, आणि शेजारी व्हिडिओ काढतात ते वेगळंच. शिवाय गठ्ठा नीट जळतही नाही. कडा काळ्या होतात, आतली पानं तशीच, पांढरीशुभ्र. होळीत पूर्ण फाइल टाकणारे लोक बघितलेत मी, दुसऱ्या दिवशी राखेत काडी घालून बघा म्हणावं, अकाउंट नंबर वाचता येतो.

हाताने चार तुकडे करून टाकणं ही तर नुसती मनाची समजूत. पूर्व जर्मनीत 1989 मध्ये राजवट कोसळायला लागली तेव्हा तिथल्या गुप्त पोलिसांनी घाईघाईत फायली फाडल्या, मशिनं पुरी पडेनात म्हणून शेवटी हातानेच. त्या तुकड्यांची 15-16 हजार पोती निघाली आणि 1995 पासून माणसं बसून ते तुकडे जुळवत होती, आणि जुळलेही कितीतरी. ते हाताने फाडलेले. मशीनमधल्या पट्ट्या तरी सुरक्षित असतील म्हणावं तर तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत 1979 मध्ये ज्या कागदांच्या उभ्या पट्ट्या करून ठेवल्या होत्या त्याही इराण्यांनी जोडून काढल्या आणि वर छापून विकल्या. आता आमच्या लाइट बिलासाठी एवढे कष्ट कोण घेणार म्हणा, पण चेकचे चार तुकडे जोडायला इराण लागत नाही, सेलोटेप आणि रिकामी दुपार पुरते.

मशीन घ्यायचंच तर उभ्या पट्ट्यांचं घेऊ नका, आडवंउभं दोन्ही कापणारं घ्या. जर्मनांनी यालाही प्रमाण ठरवलंय, पी-1 ते पी-7, घराला पी-4 भरपूर झालं, त्यात एक तुकडा 160 चौरस मिलिमीटरच्या आत असतो म्हणजे एका ए-फोरचे साधारण चारशे तुकडे. मैत्रिणीचं आणून बघितलं मी. आवाज मिक्सरपेक्षा वाईट, एका वेळी पाचसहा कागद, काही मिनिटं चाललं की गरम होऊन गप्प बसतं, मग आपण चहा करायचा, परत चालू करायचं. सासऱ्यांच्या माळ्याला या वेगाने नवीन बिल्डिंगचा ताबा मिळाला असता.

शेवटी सासूबाईच कामाला आल्या. त्या म्हणाल्या एवढं काय त्यात, भिजत घाल. त्यांच्या लहानपणी घरोघरी कागद भिजवून, कुटून, त्यात मेथी वाटून घालायची आणि उपड्या पातेल्यावर थापून टोपल्या करायच्या. मग काय, मोठ्या बादलीत कोमट पाणी, आधी पिना नि प्लास्टिकच्या खिडक्यांची पाकिटं काढायची, कागद हातानेच फाडून आत, दोन दिवस झाकून. इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. सासऱ्यांनी शाईच्या पेनने लिहिलेलं तासाभरात विरघळलं, पाणी निळं झालं, पण बँकेच्या स्टेटमेंटवरची लेझर प्रिंटची अक्षरं दोन दिवसांनीही जशीच्या तशी, कागद पिळपिळीत झाला तरी आकडा ठणठणीत. म्हणून नुसतं भिजवून भागत नाही, कणकेसारखं मळावंच लागतं, लगदा झाला की मगच सुटका. लॅमिनेट केलेलं मात्र भिजत नाही, ते कात्रीने, आणि जुनी एटीएम कार्डं चिपवरून नि काळ्या पट्टीवरून आडवी कापायची, ते तुकडे एकाच दिवशी एकाच डब्यात टाकायचे नाहीत.

लगद्यात सगळं घालत सुटू नका पण. घराचे, जमिनीचे कागद, जन्ममृत्यूचे दाखले, मार्कशीटा, पेन्शनचे कागद कधीच नाही. इन्कम टॅक्सचं आमचे सीए सहासात वर्षं ठेवायला सांगतात. बाकी स्टेटमेंटं मोबाइलवर येतात आता, कशाला साठवायची.

नवीन रद्दी तर रोज दारात येतेच. ऑनलाइन मागवलेल्या खोक्यांवर नाव, पत्ता, मोबाइल नंबर, सगळं ठळक छापून असतं आणि आपण खोकं तसंच जिन्याखाली ठेवतो. वर मार्कर फिरवणारे आहेत, पण तिरकं धरलं की खालचं दिसतं बऱ्याचदा. त्यातली बरीच लेबलं थर्मल कागदाची असतात, शाईची नाहीतच, उष्णतेने काळी होणारी. कपड्यांना इस्त्री करतानाच ती गरम इस्त्री लेबलवर कापड ठेवून फिरवली की नाव, गाव, बारकोड सगळं एका दमात काळंठिक्कर. मला या कामात नको तितका आनंद मिळतो.

रद्दीवाल्याला यात उगाच बदनाम करू नये मात्र. त्याला तुमच्या जन्मतारखेत काडीचा रस नसतो, तो वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा करतो कारण प्रत्येकाचा भाव वेगळा, आणि माल पुढे मिलमध्ये जातो. गळती होते ती मधल्यामधे, पाठकोरा कागद दिसला की कुणीतरी काढून घेतो आणि त्याच्या पुड्या होतात. शेंगदाण्याच्या पुडीवर मी एकदा कुणाचा तरी पर्सनल लोनचा अर्ज वाचलाय, पगार, हप्ता, बायकोचं नाव, मीठ लागलेलं. छापील कागदात खायचं बांधून देणं तर 2018 च्या नियमांनी बंदच आहे, वर्तमानपत्राचं नाव घेऊन बंद आहे, पण वड्याला ते कोण सांगणार. आणि पुण्यात घरोघरचा कचरा नेणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई सांगतात की बारीक कातरलेला कागद सुटा देऊ नका, त्याला भाव येत नाही आणि वाऱ्यावर उडतो, कागदी पिशवीत भरून तोंड बंद करून द्या. हे बरोबर आहे, आपलं गुपित राखायला त्यांना जिना झाडायला लावू नये.

पत्रांवर मात्र आमचं घोडं अडलंय. पूर्वी दाराला तारेचा आकडा असायचा, त्यात पत्रं टोचून ठेवायची, आणि मयताचं कार्ड आलं की वाचून लगेच फाडायचं, ते घरात ठेवायचं नाही. घरात मुद्दाम फाडला जाणारा तो एकच कागद. बाकी सगळी पत्रं तारेवरून माळ्यावर. आता सासऱ्यांची, त्यांच्या बहिणीची, कर्ज मागितल्याची, रुसल्याफुगल्याची पत्रं समोर आहेत. नवरा म्हणतो घाल बादलीत. मला राजवाड्यांची आठवण होते, इतिहासाचार्य, ते गावोगाव हिंडून लोकांच्या घरातली दफ्तरं मागत फिरले, तिथेही घरमालकांना आपल्या भानगडी बाहेर जातील हीच भीती होती, शिवाय वाळवी होतीच. त्या भीतीने लोकांनी सगळं बंबात घातलं असतं तर? आमच्या आत्याबाईंचं रुसणं म्हणजे पानिपत नव्हे हे कबूल. तरी मी ती पत्रं बादलीत घातलेली नाहीत. त्यांच्यात एकही खाते नंबर नाही, कुणाचं नुकसान होणार नाही, राहतील एका डब्यात.

या सगळ्या नादात आता झेरॉक्सच्या दुकानातही माझी नजर बदललीय. तिथे पहिली प्रत हमखास तिरकी येते, मुलगा ती मशीनखालच्या खोक्यात भिरकावतो आणि पुढे तिच्याच पाठीमागे कुणाला तरी हिशोब करून देतो. परवा माझ्या आधारची प्रत अशीच तिरकी आली, मी म्हटलं ती दे रे बाबा मला, घरी नेऊन फाडते. त्याने खोक्यातून काढून दिली, हसला आणि म्हणाला, "काकू, फाडा की, पण तुम्ही मगाशी व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं आधार आमच्या कॉम्प्युटरवर आहे त्याचं काय?" आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. डाउनलोड्समध्ये अख्ख्या पेठेचं आधार, पॅन, दहावीचं सर्टिफिकेट, दोन भाडेकरार आणि कुणाचीतरी पत्रिका. नवीन डेटा संरक्षण कायदा 2023 चा, तो बरोबर याच डिजिटल मालासाठी केलेला आहे, पण हे त्या पोराला सांगून काय होणार, त्याच्यामागे रांग लागली होती. मी तिथेच उभी राहिले, माझी फाइल डिलीट करायला लावली. मग रिसायकल बिनमधूनही. मग म्हटलं व्हॉट्सअॅपमधला तो मेसेजही काढ. मागचे काका म्हणाले, मॅडम, झालं असेल तर आम्हाला पण एक आधार काढायचंय.