एक तार शिल्लक होती म्हणून

जपानात सेंडाईला येऊन मला सहा वर्षं होत आली, आणि आज्जीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "आज हाललं का गं?" जेवलीस का, थंडी आहे का, हे सगळं त्याच्यानंतर. आमचं गाव पाटणच्या वर, कोयनेच्या अंगाला, त्यामुळे आमच्याकडं जमीन हलणं ही काही बातमी नसते, भांडी वाजली की म्हातारी माणसं नुसती वर बघतात आणि परत कामाला लागतात. पण ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आज्जीनं बघितलीय, ४ वाजून २१ मिनिटांनी, साडेसहाच्या आसपासचा भूकंप, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर बसलं. आज्जी तेव्हा नवी नवरी होती. ती सांगते की भिंत पडली त्याची भीती नंतर वाटली, आधी भीती वाटली ती अंधाराची, कोण कुठं आहे तेच कळंना, नुसते आवाज. तिचं हे अंधाराचं बोलणं मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण त्याचा अर्थ मला इथं जपानात येऊन कळला.

१६ मार्च २०२२ ची रात्र. साडेअकरा वाजून गेले होते, मी झोपायच्या तयारीत होते आणि फोन तो सायरन वाजवायला लागला, जिशिन देस जिशिन देस, म्हणजे भूकंप आहे. एकदा हललं, थांबलं, मी म्हणलं झालं, आणि दोन मिनिटांनी जे सुरू झालं ते ७.४ चं होतं. चौथा मजला. फ्रीज जागेवरून सरकून बाहेर आला, कपाटातल्या वाट्या एक एक करून खाली, मी टेबलाखाली शिरून टेबलाचा पाय धरून बसले आणि खरं सांगते, तोंडात आज्जीचंच नाव होतं. मग लाईट गेली. त्याच रात्री शिनकानसेन, म्हणजे इथली बुलेट ट्रेन, रुळावरून उतरली, ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझ्या घरात काय फुटलं ते सांगायला मी तोंड उघडलं, तर माझ्या शेजारी बसणारे वयस्कर सहकारी, ते मूळचे फुकुशिमाचे, ते म्हणाले की रात्री मी दोनच गोष्टी बघितल्या, त्सुनामीचा इशारा आणि पंप. कसले पंप? तर फुकुशिमा दाईनी अणुवीज केंद्रात वापरलेलं इंधन पाण्याच्या टाकीत ठेवलेलं असतं, ते पाणी गार ठेवणारे पंप त्या रात्री बंद पडले होते आणि थोड्या वेळानं परत चालू झाले. एवढंच. पण तो माणूस पंप चालू झाल्याची बातमी येईपर्यंत झोपला नव्हता. मला वाटलं हे आपल्याला समजून घ्यायला पाहिजे, आणि पुढच्याच महिन्यात मी जोबान लाइनची गाडी पकडून फुताबाला गेले, तिथं भूकंप आणि अणुअपघाताचं संग्रहालय आहे, २०२० मध्ये उघडलेलं. नंतर पण दोनदा जाऊन आले.

आता मी आज्जीला जसं सांगितलं तसंच इथं सांगते. आपल्याकडं गुऱ्हाळ सगळ्यांनी बघितलंय. चुलवाणात चिपाडं टाकायची थांबवली म्हणून काहील लगेच गार होते का? नाही, आतला आर धगधगत असतो, रस उकळतच राहतो. अणुभट्टीचं तसंच आहे, फक्त एक मोठा फरक. भूकंपाचा धक्का बसला की नियंत्रण कांड्या आपोआप आत जातात आणि भट्टी काही सेकंदांत बंद होते, ११ मार्च २०११ ला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० च्या भूकंपात ते बरोबर झालं, फुकुशिमा दाईइची या दुसऱ्या अणुवीज केंद्राच्या सहापैकी चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या बंद झाल्या. पण बंद झाल्या झाल्या सुद्धा पूर्ण ताकदीच्या साधारण सहा-सात टक्के उष्णता इंधनातून निघतच असते, ती हळूहळू कमी होते, दिवस नाही, महिने लागतात. आणि चुलवाणात पाणी मारून आर विझवता येतो तसा हा विझत नाही, त्याच्यावरून सतत पाणी फिरवत ठेवावं लागतं. पाणी फिरवायला पंप, पंपाला वीज. कोयनेचे सगळे टप्पे धरून १९६० मेगावॅट आणि दाईइची एकटं ४६९६ मेगावॅटचं, म्हणजे कोयनेच्या दुपटीपेक्षा जास्त वीज करणारं केंद्र, आणि त्याचा जीव अडकला होता बाहेरून येणाऱ्या विजेत. ती वीज भूकंपात गेली. डिझेल जनरेटर चालू झाले, तेही बरोबर. आणि पाऊण-एक तासानं समुद्र आत आला, १४-१५ मीटर, तिथं हिशोब धरलेला होता ५.७ मीटरचा. जनरेटर बहुतेक तळघरात होते.

तळघरात. सांगलीच्या मामाला हे सांगितलं तेव्हा तो फोनवर गप्पच झाला, त्याचं पुढं सांगते.

भूकंपानंतर पाहणी करायला खाली गेलेली २१ आणि २४ वर्षांची दोन पोरं त्या पाण्यात गेली. वर कंट्रोल रूममध्ये एक एक करून दिवे, मग मीटर, मग सगळंच बंद. भट्टीत पाणी किती आहे हे सांगणारा काटाच मेला. मग लोकांनी पार्किंगमधल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढल्या, हातानं वाहून वर आणल्या, त्या एकाला एक जोडून मीटरला वायर लावली आणि टॉर्चच्या उजेडात आकडा वाचला. पुढं बॅटऱ्या कमी पडायला लागल्या तेव्हा कर्मचाऱ्यांकडून रोख पैसे जमवून बाहेरून विकत आणायला माणसं पाठवली. जगातल्या एवढ्या मोठ्या वीज केंद्रात! मी ते वाचत उभी होते आणि मला आज्जीचा तो अंधार आठवला, कोण कुठं आहे तेच कळंना.

आतला दाब वाढत चालला होता, तो सोडायला व्हॉल्व्ह उघडायचा होता आणि वीज नाही म्हणजे बटण नाही, माणसानं आत जाऊन हातानं फिरवायचा. दोघा-दोघांच्या जोड्या केल्या. तरुण पोरांना त्यात घेतलं नाही, वयानं मोठ्या माणसांनी स्वतः जायचं ठरवलं. पहिली जोडी जाऊन एक व्हॉल्व्ह ठरल्याप्रमाणे थोडा उघडून आली. दुसरी जोडी अर्ध्यातून परत आली, किरणोत्सार फार होता. १२ तारखेला दुपारी कसाबसा दाब सुटला, तोवर जनरेटरच्या ट्रकपासून केबलही ओढून होत आली होती, आणि ३ वाजून ३६ मिनिटांनी पहिल्या भट्टीच्या इमारतीत साठलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला. केबल गेली, पाण्याचे पाइप फाटले. परत पहिल्यापासून. संध्याकाळी फायर इंजिनानं समुद्राचं पाणी भट्टीत सोडायला सुरुवात केली, वरून थांबवायला सांगितलं गेलं, केंद्रप्रमुख मासाओ योशिदा यांनी सगळ्यांसमोर थांबवा म्हणून आदेश दिला पण आपल्या माणसाला आधीच हळूच सांगून ठेवलं होतं की मी काहीही म्हणलं तरी पाणी बंद करायचं नाही. माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात योग्य निर्णय तो होता.

हे सगळे लोक ज्या इमारतीत बसून काम करत होते ती भूकंपाचा धक्का झेलणारी इमारत आठच महिने आधी, जुलै २०१० मध्ये पूर्ण झालेली. २००७ च्या भूकंपात काशिवाझाकीच्या अणुकेंद्रात आपत्कालीन खोलीचा दरवाजाच अडकला होता, उघडंना, त्यावरून शिकून ती बांधली. ती नसती तर योशिदा आणि त्यांची माणसं उभी कुठं राहिली असती?

पण मला खरं लिहायचंय ते दाईनीबद्दल, कारण त्याच्याबद्दल आपल्याकडं कुणी बोलत नाही. दाईइचीपासून १२ किलोमीटर दक्षिणेला, तीच कंपनी, तोच भूकंप, तोच समुद्र, आणि तिथल्या चारही भट्ट्या त्या दिवशी चालू होत्या. समुद्राकाठचे पंप बुडाले, चारपैकी तीन भट्ट्या गार करायची सोय गेली. मोठा फरक हा की बाहेरून येणारी एक लाइन जिवंत राहिली. एक. त्यामुळे कंट्रोल रूममध्ये दिवे होते, काटे चालत होते, काय होतंय ते दिसत होतं. केंद्रप्रमुख नाओहिरो मासुदा यांनी रात्री माणसांना बाहेर पाहणीला पाठवायच्या आधी काय केलं, तर व्हाइटबोर्डवर आफ्टरशॉक किती आले, किती मोठे, ते लिहीत गेले, म्हणजे धक्के कमी होत चाललेत हे माणसांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं. नुसतं "जा" म्हणलं नाही. धोका पण सांगितला आणि आकडा पण दाखवला. मला हे फार मोठं वाटतं.

मग जिथं वीज होती तिथपासून त्या बुडालेल्या पंपांपर्यंत केबल ओढायची होती, सगळी मिळून ९ किलोमीटर. ही केबल म्हणजे आपली मोटरची वायर नव्हे, २०० मीटरच्या एका तुकड्याचं वजन टनाच्या आसपास. मशिन लावून महिनाभर चालणारं काम. साधारण २०० माणसांनी ती खांद्यावर घेतली, रांगेत उभं राहून, एकानं आवाज द्यायचा आणि सगळ्यांनी एकदम ओढायचं. मध्येच हिशोब बदलला, आधी दुसऱ्या भट्टीकडं निघालेले लोक, पण पहिल्या भट्टीचा दाब जास्त वेगानं वाढतोय असं आकड्यांवरून कळलं, म्हणून तिकडं वळवलं. विचार करा, अंगावर टनाची केबल, दोन रात्री झोप नाही, तुमच्या स्वतःच्या घराचं काय झालं माहीत नाही, कारण बरेच जण तिथल्याच किनाऱ्यावरच्या गावांतले, आणि साहेब येऊन सांगतो की इकडं नाही तिकडं. आणि ते वळले. १३ तारखेच्या रात्रीपर्यंत केबल पोचली, १५ ला सकाळी चारही भट्ट्या गार. एकही स्फोट नाही.

माझ्या इथल्या मियागी जिल्ह्यातलं ओनागावा केंद्र तर भूकंपाच्या केंद्राला सगळ्यात जवळचं. तिथं जागा ठरवताना यानोसुके हिराई नावाच्या इंजिनिअरनं जुन्या त्सुनामींचा अभ्यास करून हट्ट धरला होता की जमीन १४.८ मीटर उंच पाहिजे. भूकंपात जमीन मीटरभर खचली, त्सुनामी आली १३ मीटरची. राहिलं किती ते तुम्हीच मोजा. तिथं पण बाहेरच्या पाच लाइनपैकी एकच उरली होती. आणि गाव वाहून गेलेली साडेतीनशेवर माणसं त्या अणुकेंद्राच्याच जिममध्ये येऊन राहिली, तीन महिने.

एक गोष्ट मात्र मला बोचत राहते. दाईइचीच्या भोवती आधी २ किलोमीटर, मग ३, मग १०, मग २० असं एका दिवसात अंतर वाढवत वाढवत लोकांना हलवलं, सगळे मिळून दीड लाखाच्या वर लोकांना घर सोडावं लागलं. त्यात दवाखान्यातले, वृद्धाश्रमातले अंथरुणावरचे म्हातारे बसमध्ये बसवून तासन्‌तास फिरवले आणि त्यातले कितीतरी वाटेतच किंवा पोचल्यावर गेले. किरणोत्सारानं नाही, हलवण्यानं. संग्रहालयात त्या भागाशी आले की मी थांबते आणि आज्जीचा चेहरा डोळ्यासमोर येतो, आज कुणी तिला असं उचलून गाडीत टाकलं तर तिची बीपीची गोळी कोण घेईल, तिला कमी ऐकू येतं हे कोण सांगेल. म्हणून गेल्या दिवाळीला आले तेव्हा तिच्या औषधांची चिठ्ठी करून प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या बटव्यात ठेवली. ती म्हणाली, "मला वाचता येत न्हाय, काय करू ह्येचं?" म्हणलं, तुझ्यासाठी नाहीच ती, जो तुला उचलंल त्याच्यासाठी आहे.

आणि मामा. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा त्यांच्या अपार्टमेंटचा जनरेटर आणि सगळे मीटर पार्किंगमध्ये होते, पहिल्याच दिवशी पाण्याखाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांचं ऑक्सिजनचं मशिन बंद पडलं, त्यांना पाठीवर घेऊन बोटीपर्यंत नेलं. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हाही जनरेटर तिथंच होता, वर न्यायचा खर्च कोण करणार यावर मीटिंगा चालल्या होत्या. दाईइचीच्या तळघराचं ऐकून मामा गप्प झाला तो याच्यामुळं. महिन्याभरानं त्यानं फोटो पाठवला, पहिल्या मजल्याच्या उंचीला लोखंडी अँगलचा माचा करून त्याच्यावर जनरेटर, खाली सोसायटीतले सगळे उभे. वर्गणी त्यानं दारोदार फिरून गोळा केली.

आज्जीला मी केबलची गोष्ट सांगितली तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं, मला वाटलं ती भट्टीबद्दल काहीतरी विचारेल, तर ती म्हणाली, "त्यास्नी जेवाय कोण घालत हुतं?" दाईइचीत सुरुवातीचे दिवस बिस्किटं आणि ज्यूस सकाळी, रात्री गरम पाणी घालून फुगवायचा कोरडा भात आणि डब्यातलं काहीतरी, दिवसातून दोनदा, आणि झोपायचं जमिनीवरच. हे सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली की त्या साली आमाला दोन दिस काय न्हवतं, शेतात बसल्यालो, थंडी ही एवढी, आन तिसऱ्या दिशी खालनं कराडकडनं गाडी आली, भाकरीची, घराघरातनं गोळा केल्याली, धोतरात बांधल्याली. "कुणाची जाड, कुणाची पातळ, कुणाची करपल्याली. येक अजून कोमट हुती बघ. ती मी सासूला दिली."