तुम्ही विचारलंत म्हणून: आराखड्याच्या भाषेवरून कसला वाद?

आम्हा शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी कोणीतरी हमखास म्हणतं, "बाई, अभ्यासक्रम आराखडा आहे तो, कादंबरी नाही. भाषेवरून काय भांडता? आशय बघा की." आजवर हसून वेळ मारून नेली. आता उत्तर देते.

शब्द अवघड आहेत ही माझी तक्रारच नाही. 'अध्ययन निष्पत्ती', म्हणजे शिकून मुलाला काय यायला हवं ते, आम्हाला झोपेतही म्हणता येतं. तक्रार वाक्यांची आहे. एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षणसंस्थेच्या 2017 च्या भाषेच्या निष्पत्ती उघडा. एकाच वाक्यात मूल वाचतं, त्यावर बोलतं, प्रश्न विचारतं, मतही देतं. धोरणात असं वाक्य खपून जातं. पण त्याच वर्षी निष्पत्ती शिक्षणहक्काच्या नियमांत गेल्या आणि आमच्या नोंदपत्रकात त्या वाक्याची चौकट झाली. क्रिया चार, चौकट एक.

तिसरीत एक पोर होती, ऊसतोडीचा हंगाम संपवून फडावरून परतलेली. ती गोष्ट सांगायला लागली की वर्ग चिडीचूप. तिच्या गोष्टीतला कोल्हा मुकादम असायचा. मध्येच थांबून ती पोरांना विचारायची, "आता ह्यानं उचल कुणाच्या नावावर लिवली आसंल?" मग त्यावर भांडणं. बोलणं, प्रश्न, मत, सगळं जिवंत. वाचन मात्र अजून अक्षराला अक्षर जोडून. मी चौकट रिकामी ठेवली.

तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "मॅडम, रिकामं चालत नाही. झालं का नाही झालं?" म्हटलं, तीन गोष्टी झाल्यात, एक व्हायचीय. "तसा रकाना नाही." त्यांचंही खरंच होतं, त्यांनाही वर एकच आकडा पाठवायचा होता. मी फुली मारली. पोर टेबलाशीच उभी होती. वाचता येत नसलं तरी फुली कळते. पुढे बरेच दिवस तिने गोष्ट सांगितली नाही. आग्रह केला तर म्हणायची, "नगं बाई."

तुम्ही म्हणाल, दोष तक्त्याचा. असेल. पण तक्ता करणारा वाक्य समोर ठेवूनच रकाने आखतो ना?

आणि हो, 2005 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा मी डोक्यावर घेऊन नाचले होते. शास्त्रज्ञ यशपालांच्या अध्यक्षतेखाली झालेला, रवींद्रनाथांच्या उताऱ्याने सुरू होणारा. तेव्हाची मी म्हणायची, असं लिहा, पुढचं आम्ही बघून घेऊ. आजची मी तिला विचारते, घेतलंस का बघून? सोमवारी तिसरीला नेमकं काय घ्यायचं, हे त्या देखण्या गद्यातून नव्या शिक्षकाला कुठे कळलं? 2023 चा आराखडा म्हणजे आधी ध्येय, त्याखाली क्षमता, त्याखाली निष्पत्ती अशी उतरंड. वाचताना जांभया येतात. तरी आमच्या शाळेतला नवा गडी तोच उघडतो, कारण बोट ठेवायला जागा आहे. त्यावर तेव्हाची मी म्हणते, बोट ठेवता येतं म्हणूनच फुलीही मारता येते. आमचं दोघींचं हे भांडण चालूच आहे.

तोवर मी परिषदेत हात वर करणार, "या वाक्याची दोन वाक्यं करा." केंद्रप्रमुख म्हणतात, लेखी द्या. तिसरीच्या मराठीचं दिलंय. गणिताचं तुमच्यापैकी कोण लिहितंय?