टोपलीतलं अर्धं गाजर

ठाण्यात वागळे इस्टेटजवळच्या एका वस्तीत मी बालवाडी घेते. जुलैतला दिवस, बाहेर धो धो पाऊस, पटावर बावीस मुलं आणि आलेली अकरा. लाल तेलखडूवरून दोघांची ओढाओढ झाली. मी सवयीने म्हणाले, "दे गं त्याला, मैत्रीण ना तू त्याची?" तिने दिला. ओठ घट्ट मिटून, माझ्याकडे न बघता.

मग मी मुद्दाम वाटून खाण्याच्या गोष्टीचं चित्रपुस्तक काढलं. सशाची टोपलीभर गाजरं. एकेक मित्र येतो, ससा देत जातो. शेवटच्या पानावर ससा खूप खूश होतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात तीच मुलगी पुढे आली आणि चित्रातल्या टोपलीवर बोट ठेवून म्हणाली, "बाई, मग हा काय जेवला?"

टोपली रिकामी होती. इतकी वर्षं हे पुस्तक वाचून दाखवतेय, मला ती कधी दिसलीच नव्हती. माझी नजर ओळीवर असायची. अक्षर न येणारं मूल मात्र चित्रच वाचतं, आणि अशा ३२ पानी पुस्तकांत शब्द असतात ते किती! निम्म्याहून जास्त गोष्ट चित्रातच असते.

तिच्या घरी धाकटा भाऊ आहे. "तू मोठी ना, दे त्याला" हे चार वर्षांची ही पोर दिवसभर ऐकते. सकाळी मीही तेच केलं होतं. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली नोंदवून ठेवलंय, की लहानगी आधी शेजारी-शेजारी खेळतात, मिळून खेळणं पुढे वयाबरोबर वाढतं. प्रशिक्षणात हे लिहून घेतलेलं, तरी ओढाओढ दिसली की माझ्या तोंडून 'दे' हाच शब्द निघतो.

डब्यात शेंगदाण्याची चिक्की होती. ओढणीच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी कटकन तोडली. अर्धी तिला दिली, अर्धी माझ्या तोंडात. आपल्याकडे लहानपणी पेरू, कैरी असंच वाटून खाल्लंय सगळ्यांनी. देणाऱ्याच्या हातातही अर्धं उरायचं. पुस्तकातल्या सशाला हे कुणी दाखवलंच नव्हतं.

तिने चिक्की चघळत विचारलं, "सशाला पण अर्धं ठेवू?"

पुस्तकावर रेघोट्या मारायच्या नाहीत, हा नियम माझाच. मी पान तिच्यापुढे सरकवलं. सकाळच्या त्या मुलाकडे जाऊन तिने तेलखडू मागितला, आणि त्याने दिला. ती टोपलीत गाजर काढू लागली, जाडजूड आणि वाकडं. तो शेजारी उकिडवा बसला.

"आता मला?"

"थांब, गाजराची पानं राहिलीत."

तो थांबला.